टाकीची पलीकडची काच

थोरल्याने पंप बंद केला, पाणी स्थिर होऊ दिलं आणि कॅमेऱ्याची लेन्स टाकीच्या काचेला अगदी भिडवली. अंगात काळा सदरा, खोलीतले दिवे मालवलेले. काचेत स्वतःचं प्रतिबिंब पडू द्यायचं नाही, ही या छंदातली पहिली शिस्त. आणि घरात दुसरं कुणीच नसल्यामुळे ती पाळणं सोपं होतं. झाकणावरचा फ्लॅश उडाला. बोटाच्या पेराएवढी कोळंबी, पोटाखाली हिरवी अंडी सांभाळत, पानावर बसली होती.

फोटो पाहून त्याने कपाळाला हात लावला. कोळंबी झकास आली होती, पण मागे नेहमीचा काळोख नव्हताच. तिथे एक खुर्ची होती आणि खुर्चीत पांढरं, धूसर काहीतरी.

ही टाकी वडिलांनी हौसेने मधल्या भिंतीतच बसवून घेतली होती, दोन्हीकडून काच ठेवून. पुढे घराची वाटणी झाली, ती भिंतच हद्द ठरली आणि टाकी राहिली तिथेच. हलवली असती तर फुटून दोघांच्याही घरात तळं झालं असतं. वडिलांच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून जे वाजलं, त्यानंतर भावाभावांत विस्तव जात नव्हता. धाकट्याने त्याच संध्याकाळी आपल्या बाजूच्या काचेवर काळा कागद डकवला. थोरला बरेच दिवस धुमसला. मग त्याच्या लक्षात आलं, काळ्यावर मासे काय उठून दिसतात! त्याने कॅमेरा घेतला. फोटो पाहून लोक विचारत, मागचा काळा रंग इतका गडद कसा साधता? तो नुसता हसायचा. भावाचा राग असा कामी येतो, हे कुणाला सांगणार? बायको गेल्यापासून तर सगळा दिवस त्या माशांच्याच सोबतीने जायचा. कधीतरी धाकटा तो कागद काढेल, अशी त्याला आशा होती. आपण होऊन सांगायला मात्र तो मेला तरी गेला नसता.

आता कागद दिसेना तेव्हा त्याला वाटलं, ओलीने गळून पडला असणार. अंडी कुठल्याही क्षणी फुटतील, थांबून चालणार नव्हतं. काळ्या कागदाची गुंडाळी काखोटीला मारून त्याने शेजारचं दार वाजवलं.

दार धाकट्याच्या बायकोने उघडलं. केवढी वाळली होती ती.

"भाऊजी, तुम्ही?"

"तुमच्या बाजूचा कागद पडलाय. म्हटलं, नवा लावून द्यावा. फोटोत खुर्ची येते."

"पडला नाही. ह्यांनी मघाशी फाडून काढला." तिने आवाज खाली आणला. "विसरायला लागलेत, भाऊजी. वर्ष होत आलं. कधी मुलाला ओळखतात, कधी नाही."

"मग मला सांगायचं नाही का?"

तिने त्याच्या काखेतल्या गुंडाळीकडे पाहिलं आणि दार पुरतं उघडलं. थोरल्याला स्वतःची लाज वाटली. एका भिंतीपलीकडे एवढं चाललं होतं आणि तो कोळंबीच्या अंड्यांवर डोळा लावून बसला होता.

धाकटा पांढऱ्या बनियनवर टाकीसमोर बसला होता. पावलांची चाहूल लागताच त्याने वळून पाहिलं.

"ये दादा. मला वाटलं, तू परगावी गेलास."

"इथेच होतो रे."

"मग दिसला कसा नाहीस? ह्या काचेवर कुणीतरी कागद लावून ठेवला होता. हिला विचारलं तर ही तोंडात मिठाची गुळणी धरते. तू सांग, कुणी लावला?"

धाकट्याच्या बायकोने पदराचं टोक घट्ट धरलं. थोरल्याने गुंडाळी पाठीमागे नेली.

"मी लावला होता. फोटोसाठी."

"फोटोसाठी?" धाकट्याचा आवाज चढला, अगदी पूर्वीसारखा. "माशांच्या फोटोसाठी सख्ख्या भावाला झाकून टाकतोस? शोभतं का हे तुला?"

"नाही शोभत," थोरला म्हणाला. "चुकलं माझं."

"परत नको लावूस," धाकट्याने बजावलं आणि बायकोला दुसरी खुर्ची आणायला सांगितली.