हिरवा एकच दिवा

माझे सासरे चुनीलालबापू यांची विहिरीवरची मोटर आजवर एकदाही जळलेली नाही. आमच्या कोरीटमध्ये ही लहानसहान गोष्ट नव्हे. इथे दर उन्हाळ्यात कुणाची ना कुणाची जळलेली मोटर नंदुरबारला नव्याने तार भरायला गेलेली असते आणि पीक माना टाकून उभं असतं. बापूंचं गुपित सोपं आहे. विहिरीवरच्या पेटीत विजेच्या तीन फेजचे तीन दिवे असतात, लाल, पिवळा आणि निळा. तिन्ही नीट लागले तरच बापू बटण दाबतात. एक जरी विझलेला किंवा लुकलुकता दिसला, की पेटी बंद करून घरी येतात आणि उजाडल्यावर पुन्हा बघतात. गावात कुणाचा पंप बंद पडला की आधी बापूंना हाक जाते, मग मेकॅनिकला. त्याचा त्यांना गर्व आहे, आणि असायलाच हवा.

मी त्यांची सून, कामिनी. नंदुरबारला माझा दातांचा दवाखाना आहे. बरीच वर्षं एसटीच्या दांडीला लोंबकळून ये-जा केल्यावर मी माझ्या कमाईतून विजेवर चालणारी गाडी घेतली. रंग मी निवडला, चालवायला मी शिकले, चालवते मीच. तरी घरात आणि गल्लीत तिचं नाव एकच, ‘हेमकांतनी गाडी’. हेमकांत माझा नवरा. गाडी कामिनीची आहे, हे सांगून सांगून तो बिचारा थकला. बापू मान डोलवायचे आणि पुढच्याच वाक्याला म्हणायचे, “हेमकांतनी गाडी सावलीमा लावा.”

मला याचा फार राग यायचा. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो. दिवसभर लोकांच्या दाढा उपटणारी बाई संध्याकाळी एकदम गरीब गाय कशी होईल? पण भांडणार कुठल्या तोंडाने? कारण गाडीच माझी फजिती करत होती. रात्री आम्ही तिला वायर लावून झोपायचो. कंपनीच्या हिशोबाने सकाळपर्यंत ती गच्च भरायला हवी. सकाळी बघावं तर वायर जागेवर, बटण चालू, दिवा लुकलुकतोय आणि बॅटरी अर्धीमुर्धी! शोरूमचा माणूस येऊन तपासून गेला. गाडीत काही खोट नाही म्हणाला, आणि जाताना माझ्याकडे असं बघून गेला की जणू मीच रात्री उठून वीज पिते.

शेजारचे रेवजीकाका रोज ओट्यावर बसून मजा बघायचे. त्यांच्याकडे डिझेलची जीप आहे. एक दिवस त्यांनी बापूंना गाडी विकायचा सल्ला दिला, “चुनीलालभाऊ, इकी टाका ती गाडी. मी गिऱ्हाईक बी दखी ठेयेल शे.”

आमच्या घरात नवी गाडी आली की तोरणमाळला गोरखनाथापुढे नारळ फोडायचा रिवाज आहे. बापूंनी तीच परीक्षा ठरवली. “तोरणमायना घाट चढनी तं गाडी ऱ्हाई. नई चढनी तं रेवजीना गिऱ्हाईकले दी टाकूत.”

म्हणजे मी पुन्हा एसटीत. मी दातओठ खाल्ले आणि हो म्हणाले.

जायच्या दिवशी सकाळी बॅटरी नेहमीसारखीच, अर्ध्याच्या जरा वर. मला रडू यायचं बाकी होतं. हेमकांत म्हणाला, शहाद्याला जलद चार्जर आहे, तिथे भरू. मी गाडी काढली. शेजारी हेमकांत, मागे बापू आणि सासूबाई जसोदाबाई. सासूबाईंच्या मांडीवर नारळ, दशम्या आणि मिरचीचा ठेचा.

शहाद्याच्या चार्जरवर लाल दिवा होता. तो बघून बापू खूश झाले. “हाई दखा! लाल लागेल शे. आठली लाईट चांगली शे.”

“बापू, लाल म्हंजे बिघाड. मशीन बंद शे,” मी म्हटलं.

“लाल दिवा लागना तं बंद कसं?” बापू म्हणाले. मी दोनदा वायर खोचून बघितली. मशीन ढिम्म. बापू काहीतरी पुटपुटत गाडीत बसले आणि वळून वळून त्या लाल दिव्याकडे बघत राहिले. मला वाटलं, मनातल्या मनात गाडी विकताहेत.

परत फिरावं तर हरले, पुढे जावं तर घाट. मी हिशोब केला, वर पोहोचण्यापुरती बॅटरी होती, अगदी जेमतेम. एसी बंद केला, काचा उघडल्या आणि निघाले.

सपाटीला काही वाटलं नाही. घाट लागला तशी बॅटरी भराभर उतरायला लागली. वळणामागून वळण, खाली साग, वर खडक, आणि माझी नजर रस्त्यावर कमी, आकड्यावर जास्त. आधी बॅटरीचं चित्र पिवळं झालं, मग लाल. आणि शेवटच्या चढाच्या अलीकडे समोरच्या पडद्यावर एक छोटंसं कासव उमटलं.

मागून सासूबाई एकदम पुढे वाकल्या. “कासव! वं माय, कासव उनं! देवना दारमा पोहचनूत आपू. हात जोड, कामिनी, हात जोड!”

देवळात गाभाऱ्याआधी कासवाला नमस्कार करायचा हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी नारळासकट हात जोडले.

“आई, मी हात सोडा तं गाडी दरीमा जाई!” मी ओरडले. “हाई देवनं कासव नई. बॅटरी संपाले उनी. आते गाडी कासवनामायक चालई.”

तसंच झालं. मी पाय कितीही दाबला तरी गाडी आपल्याच चालीने सरकत होती. एक म्हातारा डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन आमच्या पुढे निघून गेला. मला त्या पडद्यावर एक ठोसा द्यावासा वाटला. दवाखाना, एसटी, रेवजीकाकांचं हसणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

तेवढ्यात बापूंनी दार उघडलं. “हेमकांत, उतर. चढले बैल थकना का मानसं उतरतस.” बैलगाडीचा नियम त्यांनी माझ्या गाडीला लावला. दोघं उतरून चालू लागले. सासूबाई उतरल्या नाहीत. गुडघे दुखतात, आणि कासव आलंय म्हणजे आता काळजी नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

हेमकांत पुढे गेला. बापू माझ्या खिडकीशी चालत होते. धाप लागलेली, टोपी हातात. थोडं चालून ते रस्त्याकडे बघत म्हणाले, “बेटा, गाडी रोज आर्धी ऱ्हास ना, ते काम मन्हं शे.”

“म्हंजे?”

“मी राते पानी भराले वावरमा जास. जाताना दखस तं गाडीना तोंडले एकच दिवा. हिरवा. तो बी लुकलुकी ऱ्हायना. लाल नई, पिवया नई, निया नई. माले वाटनं, दोन फेज गयात. तुन्ही गाडी बयी जाई. मंग मी बटन बंद करी देस, आनि सकायले वावरमाईन उनू का आखो चालू करी देस.”

गाडी जळेल या भीतीने बापूच रोज रात्री तिचं बटण बंद करत होते! शोरूमच्या माणसाला न सापडलेला बिघाड माझ्या खिडकीशी घाम पुसत चालत होता.

“मंग सांगं कसाले नई, बापू?”

“कसं सांगू? मीच गाडीले नावं ठेवस. तुले वाटतं, बुढा मुद्दाम खोड काढी ऱ्हायना.” ते जरा थांबले, पुन्हा चालू लागले. “मन्ही मोटर कधी बयनी नई. तुन्ही गाडी कशी बयू देऊ?”

मला राग यायला हवा होता. हक्काचा राग, इतक्या दिवसांचा साठलेला! पण मला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. ज्या गाडीला हा माणूस दिवसभर नाकं मुरडत होता, तिची राखण तो रोज रात्री करत होता. आणि आज दोनदा तो ‘तुन्ही गाडी’ म्हणाला होता.

गाडी सरकत सरकत चढ संपवून वर आली. सासूबाईंनी पडद्याला पुन्हा नमस्कार केला. आधी आम्ही एका हॉटेलवाल्याकडे मोठा प्लग मागितला आणि वायर लावली. हिरवा दिवा लुकलुकू लागला. बापूंचा हात सवयीने बटणाकडे गेला, आणि त्यांनी स्वतःच तो मागे घेतला.

“दखा बापू,” मी म्हटलं, “हाई विहिरवरली पेटी नई. आठे एकच दिवा ऱ्हास. हिरवा लुकलुकना, म्हंजे गाडी भरी ऱ्हायनी. हिरवा ठाम ऱ्हायना, म्हंजे भरनी. लाल लागना, म्हंजे काहीतरी बिघडनं.”

बापूंनी दिव्याकडे टक लावून पाहिलं. “म्हंजे लुकलुकना तं जेवी ऱ्हायनी?”

“हां.”

“अरे राम! आनि मी रोज तिना पुढलं ताट उचली लेवू!” त्यांनी कपाळावर हात मारला. हेमकांत हसून हसून बाकावरून पडायचा राहिला.

नारळ फुटला, दशम्या संपल्या, तलावावर फिरून झालं. तोवर गाडीच्या पोटात थोडंफार गेलं होतं. उतरताना खरी मजा आली. आकडा घाटात कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. बापू आता पुढे बसले होते. ते पडद्याला नाक लावून ओरडले, “कामिनी, वायर नई, तरी भरी ऱ्हायनी!”

“उतारवर चाकंच मोटर फिरावतस, बापू. लाईट मांगे बॅटरीमा जास.”

घाट उतरेपर्यंत ते मुलासारखे तो आकडा मोठ्याने वाचत होते. शहाद्याचा चार्जरही तोवर शुद्धीवर आला होता. बापूंनी वायर स्वतः लावली आणि दिवा हिरवा लुकलुकल्यावर आजूबाजूच्या लोकांना सांगितलं, “कोनी हात नका लावा. जेवी ऱ्हायनी ती.”

संध्याकाळी गावात शिरलो तर रेवजीकाका ओट्यावर तयारच होते. सोबत एक पांढऱ्या कपड्यातला अनोळखी माणूस. गिऱ्हाईकच असणार.

“या, चुनीलालभाऊ!” रेवजीकाका म्हणाले. “चढनी का मंग? का बैल जुपना पडनात? ह्या पाव्हना वाट दखी ऱ्हायनात. कितलामा देवानी शे हेमकांतनी गाडी?”

बापू सावकाश उतरले. टोपी झटकून डोक्यावर घातली. गिऱ्हाईकाला राम राम केला. मग गाडीचं झाकण उघडून वायर खोचली, बटण दाबलं आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागेपर्यंत तिथेच वाकून उभे राहिले.

“हेमकांतनी गाडी कथी शे, रेवजी?” ते म्हणाले. “हाई कामिनीनी गाडी शे. इकानी का नई, तिले इचार.”