होऊन गेलेली की राहून गेलेली

लसींच्या भांडारात काम करणाऱ्या बाईला सगळे थंडीताई म्हणत. दिवसभर फ्रिजांची सोबत आणि अंगात बारा महिने स्वेटर, म्हणून हे नाव. स्वभाव मात्र तापट. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इंग्रजी तेवढं लंगडं. अहवाल इंग्रजीतच द्यायचे असा नियम झाला, तेव्हा तिनं मुकाट्यानं संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

सोमवारी दुपारी मोठ्या फ्रिजचा अलार्म कोकलायला लागला. थंडीताईनं हातातला डबा तसाच टाकला, शिपाईमामांना हाक मारली आणि दोघांनी पाच मिनिटांत लसींचे चाळीसच्या चाळीस खोके दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवले. मग घाम पुसून तिनं अहवाल लिहिला. वर्गात नुकतंच शिकवलेलं भारदस्त वाक्य तिनं मुद्दाम त्यात घातलं: ‘इफ द अलार्म हॅड रंग, आय वुड हॅव मूव्हड ऑल द बॉक्सेस.’ दोनदा वाचलं आणि स्वतःवरच खूश झाली.

बुधवारी सकाळी मुख्य कार्यालयाचे अधिकारी दारात उभे. मागे गाडी.

“खोके काढा. सगळा माल नष्ट करायचाय,” ते म्हणाले.

“नष्ट? का म्हणून?”

“का म्हणून काय? फ्रिज तापला, अलार्म वाजला नाही, तुम्ही खोके हलवले नाहीत. तुम्हीच लिहून दिलंय. खाली सहीसुद्धा आहे.”

“साहेब, खोके दुसऱ्या फ्रिजमध्येच आहेत! मी हलवले, या हातांनी हलवले!”

“आज आहेत. सोमवारी हलवले कशावरून? लसीचा मामला आहे बाई, पोरांच्या दंडात जाते ती. मी शब्दावर कसा विसंबू?”

थंडीताईनं अहवालाची प्रत उचलून पुन्हा वाचली. चाळीस खोके जाणार, वर नोकरीवर बालंट. आणि आपण लिहिलं तरी काय, हेच तिला उमजेना. “दहा मिनिटं द्या,” म्हणत ती बाहेर आली आणि तिनं सासूबाईंना फोन लावला. सासूबाईंनी तीस वर्षं वकिलाच्या कचेरीत इंग्रजी टाइप केलेलं.

“वाच बघू ते वाक्य,” सासूबाई म्हणाल्या. तिनं वाचलं.

“अगं बाई माझे! मराठीत सांग, काय झालं याचं? ‘अलार्म वाजला असता, तर मी खोके हलवले असते.’ म्हणजे ना वाजला, ना हलवले!”

“पण वर्गातल्या बाई म्हणाल्या, गोष्ट होऊन गेलेली असली की हॅड आणि वुड हॅव.”

“होऊन गेलेली नव्हे गं, राहून गेलेली! जे घडलंच नाही, त्याच्यासाठी आहे ते. घडलं त्याला साधं लिही: व्हेन द अलार्म रँग, आय मूव्हड. आणि रडू नकोस. पुरावा काय आहे तुझ्याकडे?”

पुरावा! थंडीताईनं फोन तसाच पदरात खोचला आणि आत धावली. दोन्ही फ्रिजांत तापमानाची रेघ ओढणारं यंत्र होतं. तिनं दोन्ही कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी पसरले. मोठ्या फ्रिजची रेघ सोमवारी दोन चाळीसला अलार्मच्या खुणेला टेकलेली. दुसऱ्या फ्रिजची रेघ त्याच वेळी जरा उचललेली, दार उघडं होतं तेवढा वेळच, आणि मग पुन्हा सरळ, आजपर्यंत.

“अलार्म तर असा बोंबलत होता, की समोरचा शिंपीसुद्धा बघायला आला होता,” शिपाईमामा मध्येच म्हणाले.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. रेघांवरून बोट फिरवलं. मोठ्या फ्रिजच्या अलार्मची कळ दाबून पाहिली, तसे स्वतःच दचकले. खोक्यांवरच्या खूणपट्ट्या एकेक करून तपासल्या. उष्णता लागली की काळ्या पडणाऱ्या त्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र होत्या.

“नवीन अहवाल लिहा,” ते अखेर म्हणाले.

तिनं लिहिला, फोनवर सासूबाईंना एकेक शब्द विचारत. शेवटी सासूबाईंनी हट्टानं आणखी एक ओळ घालायला लावली: ‘इफ आय हॅड नॉट मूव्हड देम, दे वुड हॅव स्पॉइल्ड.’ ती लिहून थंडीताईनं फोन पुन्हा पदरात खोचला आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

अधिकारी ती ओळ सावकाश वाचू लागले. “हलवले नसते, तर खराब झाले असते. म्हणजे हलवले, आणि खराब झाले नाहीत. बरोबर?”

“अगदी बरोबर, साहेब.”

“मला वाटलं होतं, तुम्ही प्रामाणिकपणे चूक कबूल केलीत.”

“चूक प्रामाणिकच होती, साहेब. पण व्याकरणाची.”

अधिकारी हसले, सही केली आणि गाडीवाल्याला रिकामाच परत पाठवला. थंडीताई मटकन खुर्चीत बसली. छातीवरचा धोंडा उतरला तसं तिला एकदम हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. पदरातून बारीक आवाज येत होता, “काय झालं गं? कुणी सांगेल का मला?”