विल्फच्या मयताच्या घंटा

पहिला टोल पडला आणि चर्चच्या मनोऱ्यात दोर ओढणाऱ्या रेग पिलबीमला आपली चूक कळली. आवाज मोकळा होता, खणखणीत, लग्नातला. मयताच्या वेळी घंटेच्या लोलकाला एका बाजूनं कातड्याची गादी बांधतात, म्हणजे एक टोल मोठा येतो आणि पुढचा दबलेला, लांबून आल्यासारखा. मनोऱ्याचा प्रमुख म्हणून सकाळी वर चढून त्या गाद्या बांधायचं काम रेगचं होतं. आणि हा गृहस्थ सकाळभर परसात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत बसला होता.

दोर ओढता ओढता बाकीचे घंटा वाजवणारे त्याच्याकडे बघू लागले. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं, पण लाजेनं तो दोर ओढतच राहिला. खाली विल्फ टप्पेनची शवपेटी दारातून बाहेर पडली आणि वर घंटा नवरी निघाल्यासारख्या वाजत राहिल्या, सगळ्या हाय स्ट्रीटवर, पार मासळीच्या धक्क्यापर्यंत.

दुसऱ्या कुणाचं मयत असतं तर लोक हळहळले असते आणि विसरले असते. पण या दोघांचं वैर गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक. प्रमुखपद रेगला मिळालं तेव्हा विल्फ तणतणत टेकडीवरच्या चर्चमध्ये निघून गेला होता. तेव्हापासून दर रविवारी खालून रेग आणि वरून विल्फ घंटा वाजवून एकमेकांचा उद्धार करत, आणि मधल्या गल्ल्यांतल्या लोकांच्या झोपेचं खोबरं होई. तरी मयत खालच्याच चर्चमधून निघावं, असं विल्फ सांगून गेला होता.

"काय रेग, वाजवलीस ना शेवटी वाजंत्री!" चिप्सच्या दुकानातला बार्नी भर गर्दीत म्हणाला. "मेलेल्याला तरी सोडायचं रे!"

रेग चिप्स न घेताच बाहेर पडला. मग आठवडाभर तो मागच्या बोळांतून चोरासारखा ये-जा करत होता. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, विल्फच्या बायकोला, आयरिसला, खरं काय ते सांगायचं. लोकांनी विसरभोळा म्हटलं तरी चालेल, नीच म्हणायला नको.

आयरिसनं दार उघडलं ते हसतच.

"ये रे मेल्या, आत ये. पेटीमागून चालताना मला काय हसू आलं म्हणून सांगू! म्हटलं, बघ विल्फ, शेवटपर्यंत सोडलं नाही तुला रेगनं. तो गेल्यापासून तेवढीच एकदा हसले बघ."

इथं गप्प बसायला काय बिघडत होतं? पण आठवडाभर घोकलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मुद्दाम नव्हतं गं ते. शप्पथ. मी विसरलो. टोमॅटोच्या नादात राहूनच गेलं."

आयरिसनं हातातली किटली खाली ठेवली.

"विसरलास?"

"हो गं."

"अंथरुणाला खिळल्यावर रविवारी खिडकी उघडी ठेवायला लावायचा तो मला. तुझ्या चुका काढायला. आणि त्याच्या मयताच्या दिवशी तुला त्याची आठवणही नव्हती?" तिचा आवाज चिरकला. "रागानं केलंस, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगत होते रे. जा तू आता."

रविवारी चर्चच्या पाद्रीबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "रेग, लोक फार बोलताहेत. तुम्ही विसरलात, असं मी आज सगळ्यांसमोर सांगते. विषय संपेल."

"नको," रेग म्हणाला. "मुद्दाम केलं मी."

बाई चपापल्या. "असं असेल तर मनोऱ्याची किल्ली तुमच्याकडे ठेवता येणार नाही मला."

रेगनं खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली. आपण विल्फला विसरलो, हे आयरिसशिवाय गावात कुणालाही कळू नये, एवढंच आता त्याला हवं होतं.