पर्साबीबीची लाल हाताची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पाटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म एका मोडक्या गाडीच्या टपापासून झाला. वासोने तो कापला, ठोकून सपाट केला आणि त्यावर गाडीच्याच लाल रंगाने उघडा तळवा काढला. वासो म्हणजे गाड्यांचे पोचे काढणारा, युरोपातल्या भटक्या रोमा जमातीतला कारागीर; चित्रकला त्याच्या सात पिढ्यांत नव्हती. करंगळी मधल्या बोटाएवढी झाली! त्याची बायको पर्सा हसून हसून बेजार. "अरे, हा हात आहे की दाताळं?" तरी तिने मला ओहायोतल्या केलर्स मिल गावी, आपल्या घरापुढच्या हिरवळीवर रोवले.

एकतीस वर्षे मी ऊन खाल्ले, बर्फ खाल्ला. नव्या माणसाला लोक सांगत, "त्या लाल हातापासून डावीकडे वळा." मला केवढा अभिमान वाटायचा! पर्सा पुढच्या खोलीत बसून लोकांचे तळवे पाहायची आणि त्याहून जास्त त्यांची दुःखे ऐकायची.

मग नगरपालिकेने नियम काढला. हात पाहणाऱ्यांनी राहत्या वस्तीत धंदा करायचा नाही. रुळांपलीकडे, दारूची दुकाने आणि भंगारवाल्यांच्या शेजारी जायचे. समोरचा पियानो शिकवणारा चालतो, पलीकडची कुत्र्यांचे केस कापणारी चालते, आमचाच तेवढा विटाळ! जुन्यांना एक सवलत होती: आहात तिथे राहा, पण धंदा सलग तीस दिवस बंद राहिला तर हक्क गेला.

"एकतीस वर्षांत मी तीन दिवस तरी बंद ठेवलंय का?" पर्सा म्हणाली आणि तिने कागद फ्रिजवर चिकटवून टाकला.

त्या मार्चमध्ये वासो गेला. घरात मृत्यू झाला की पर्साच्या माणसांत सहा आठवडे कामाला हात लावत नाहीत. आरसे झाकतात, गाणे बंद करतात. सहाव्या आठवड्याला मेलेल्याच्या नावाचे जेवण झाले, की मगच काम सुरू. पर्साने मला पहिल्याच दिवशी उपटून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून ठेवले. दिवस मोजायचे कुणाच्या डोक्यातही आले नाही. दुखवट्याला कुणी धंदा बंद पडला म्हणते का? जेवण झाले, मला पुन्हा रोवले आणि तिसऱ्या दिवशी नोटीस आली.

सुनावणीला पर्साची भाची सेका मला काखेत घेऊन गेली; ती पर्साला बीबी म्हणते, म्हणजे रोमांच्या बोलीत मावशी. वासोच्या हातची वस्तू पाहून तरी साहेबांना पाझर फुटेल, असे तिला वाटले होते.

"पाटी बेचाळीस दिवस जागेवर नव्हती," तपासनीस ट्रिम्बल म्हणाले.

"माझा नवरा गेला होता, साहेब."

"वाईट वाटलं. पण निदान पाटी तरी उभी ठेवायची."

"मयताच्या दारात जाहिरात?" सेका उसळली. "तुमच्यात लावतात वाटतं?"

अध्यक्ष म्हणाले, "त्या दिवसांत एखादं गिऱ्हाईक आलं असेल तर नाव सांगा. तेवढ्यावर हक्क राहील."

आले होते, मित्रांनो! विसाव्या दिवशी, मागच्या दाराने. मुलगा घर सोडून गेलाय, परत येईल का, म्हणून एक बाई हुंदके देत होती. पर्साने स्वतःचा दुखवटा मोडून तिचा हात पाहिला. ती बाई म्हणजे डॉरिन हॅस्लर. आता ती निवाडा करणाऱ्या पाच सभासदांत बसून पाण्याच्या पेल्याकडे बघत होती.

"बीबी, कुणी आलं होतं का? आठव ना!" सेकाने मावशीला हलवले.

पर्साने एकदा हॅस्लरबाईकडे पाहिले. "नाही आलं कुणी."

"खोटं बोलतेयस तू!" सेका तिच्या कानाशी फणफणली.

"हात पाहिला की तोंड शिवायचं. आईनं शिकवलंय मला," पर्सा तितक्याच हळू म्हणाली.

मला ओरडावेसे वाटले. पण मी पडले पत्रा! हॅस्लरबाईला तर जीभ होती ना? तिने ती गिळली. मतदान झाले. पर्साचे दुकान बंद करायला पाच हात वर गेले, हॅस्लरबाईचासुद्धा.

आता मी स्वयंपाकघरात कपाटामागे गंजत पडले आहे. पर्सा रुळांपलीकडे गेली नाही. या वयात ती लाँड्रीत उभ्याने चादरींच्या घड्या घालते.

परवा मागच्या दारावर टकटक झाली. हॅस्लरबाई! मुलाचे पत्र आले होते, खरे मानू की नको, विचारत होती. घाल तिला शिव्या, मी मनात म्हटले. पर्साने तिला खुर्ची दिली, कॉफी दिली. बाईने तळवा टेबलावर ठेवला. पर्साने तो अलगद तिच्याकडे परत सरकवला.

"नियमात बसत नाही, बाई. कॉफी घ्या."

मित्रांनो, ज्या दारात तुम्ही रडायला जाता, ते दार कुणी बंद करू लागले, तर निदान तोंड उघडा.