शिवरात्रीचं हिरवं भरीत

मित्रांनो, मी जानरावांच्या घरची जुनी तांब्याची डेग आहे. बरीच वर्षं झाली, कोपऱ्यात उपडी पडून असते. खरं सांगायचं तर मला असंच बरं वाटतं, कारण मला माझी लाज वाटते.

अमरावतीच्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि आतून कल्हई केली, तेव्हा माझ्यात पाहणाऱ्याचा चेहरा दिसायचा. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरपासून दोन कोसांवर. दर महाशिवरात्रीला तिथल्या महादेवाच्या देवळात आमच्या गावाकडून संध्याकाळी उपवासाची पंगत असे. शंभर माणसांचं आलूचं भरीत माझ्यातून जाई आणि ते करण्याचा मान मनकर्णाबाईंचा. बाईंना ना शेत ना नातलग. गावात त्यांची ओळख होती ती या भरिताने. पहिला घास घेऊन लोक म्हणत, "बाईच्या हाताले चव हाय." तेव्हा मीही फुगून जाई.

मग कापसाला सोन्याचा भाव आला. सातासमुद्रापार कुठे लढाई लागली म्हणे, आणि इकडे वऱ्हाडात जो तो कापसामागे धावू लागला. जानरावांनी माझ्यात बैलांची सरकी भिजवली. गडी मला वाळूने खसाखसा घासत. कल्हई गेली आणि आतलं तांबं उघडं पडलं.

त्या वर्षी शिवरात्रीच्या आधी मनकर्णाबाईंनी माझ्या आतून हात फिरवून पाहिला आणि जानरावांना म्हटलं,

"भाऊ, डेगीले कल्हई करून घ्या. तांबं उघडं पडलं."

"कापूस एकदा बाजारात जाऊ द्या, बाई. कल्हईवाला काय पळून चालला?"

बाईंनी आपल्या परीने तोड काढली. आलू मातीच्या हंड्यांत उकडले, सोलून रगडले, तूप-जिऱ्याची फोडणी दिली. माझ्यात पळसाची पानं अंथरून त्यावर भरीत भरलं आणि दही वेगळ्या मडक्यात दिलं. "दही देवळात कालवू. रस्त्यानं डेगीत घालू नका," असं जानरावांना दोनदा बजावून त्या बायांबरोबर पायी पुढे निघाल्या.

गावातल्या गाड्या कापसाला लागलेल्या, उरली ती जानरावांची एकच. तिच्यातही त्यांना जाता जाता कापसाचे दोन बोजे बाजारात टाकायचे होते. मडक्याला जागा पुरेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दही माझ्यात ओतलं आणि मडकं अंगणात ठेवून दिलं. मी शहारले, पण भांड्याचं कोण ऐकतं?

नाल्याच्या उतारावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. दुपारभर आम्ही उन्हात अडकून पडलो. दही पानांखाली झिरपलं आणि माझ्या उघड्या अंगाला भिडलं. मला कळत होतं, मी अन्नात विष सोडते आहे. मला थांबता येत नव्हतं.

संध्याकाळी देवळात माझ्यावरचं फडकं सोडलं. दिवसभराची उपाशी माणसं पत्रावळी मांडून बसली होती. पंगतीतले सगळ्यांत वडीलधारे पुंजाराम वाढायला उठले. त्यांनी पळी कडेने खाली घातली, तर पांढऱ्या भरिताबरोबर हिरवंगार भरीत वर आलं.

"बाई, तांब्यात दही? तुमच्यासारख्या जाणत्या बाईनं?"

"म्या तं दही मडक्यात देलं होतं, काका." मनकर्णाबाईंनी जानरावांकडे पाहिलं.

"मंग मडकं कुठं हाय?"

जानराव खाली मान घालून बैलांचं जू सोडत होते. जू कधीचं सुटलं होतं.

भरीत खड्ड्यात पुरलं. कुत्र्याने उकरून खाऊ नये म्हणून बाईंनी स्वतः वर दगड रचले. माणसं पाणी पिऊन घरी गेली. पुढच्या वर्षी तो मान दुसऱ्या घरी गेला, आणि मनकर्णाबाईंनी पुन्हा कुठल्या पंगतीची चूल पेटवली नाही.

जानरावांनी आठ दिवसांत मला कल्हई करून घेतली. मी लख्ख झाले. त्यांनी वाकून आत पाहिलं, त्यांचा चेहरा माझ्यात दिसला, आणि त्यांनी मला तिथल्या तिथे उपडी करून टाकलं.

मित्रांनो, भांड्यांची निगा राखा, कल्हई वेळेवर करा. हे तर तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं थोडं वेगळं आहे. त्या संध्याकाळी एका शब्दाने बाईंची लाज राखली गेली असती. मला बोलता येत नव्हतं. जानरावांना येत होतं. तुम्हालाही येतं.