बरं केलेलं पान

लाँड्रीवाल्याला राग यायला वेळ लागायचा. दिवसभर वाफेत उभं राहणाऱ्या माणसाला आणखी तापणं परवडत नाही. एखादं गिऱ्हाईक बटण तुटल्याचा आळ घाली, तर तो मुकाट्याने बटण लावून देई. पण त्या शुक्रवारी सकाळी बालवाडीच्या भिंतीपुढे त्याची कानशिलं अशी तापली होती, की पाण्याचा थेंब टाकला असता तर चुर्र झालं असतं.

भिंतीवर पानगळ होती. बाईंनी तपकिरी कागदाचं मोठं झाड चिकटवलं होतं आणि फांद्यांना, बुंध्याला, खाली जमिनीवर मुलांनी केलेली कागदी पानं टाचली होती. पिवळी, नारिंगी, विटकरी. बत्तीस मुलं, बत्तीस पानं, प्रत्येक पानाखाली नाव. कृती सोपी, चार-पाच वर्षांच्या पोरांना जमावी अशी. चौकोनी कागद घ्यायचा, टोकाला टोक लावून त्रिकोण करायचा, पंख्यासारख्या चुण्या घालायच्या आणि उलगडायचा. मधली शीर आणि बाजूच्या तिरप्या रेघा आपोआप दिसतात. आपोआप म्हणे. लाँड्रीवाल्याच्या घरी त्या दिसायला चार संध्याकाळी लागल्या होत्या.

त्याची लेक, लाडाने ठमी, उन्हाळ्यात झोपाळ्यावरून पडली होती. उजवं कोपर मोडलं. दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण बोटं रुसलेली. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी बजावलं होतं की तिला कागदाच्या घड्या घालू द्या, याच हाताने, तिच्या तिला, वाकड्या झाल्या तरी चालतील. नाहीतर पोरगी डाव्यावर भागवेल आणि उजवा हात तिच्या अंगावर नुसता पाहुण्यासारखा राहील. ठमीने तोवर तो हात फ्रॉकच्या खिशात ठेवायची सवय लावूनच घेतली होती. खेळताना खिशात, जेवताना खिशात, भांडतानासुद्धा खिशात.

म्हणून पानाचा कागद शाळेतून अर्धवट घरी आला तेव्हा त्याने दुकान बंद झाल्यावर इस्त्रीचं टेबल तिच्यासाठी मोकळं केलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरले. ज्याच्या हातून वीस वर्षांत एक घडी तिरपी गेली नाही, तो माणूस चार दिवस पोरीच्या तिरप्या घड्या बघत उभा होता. बायको म्हणाली, वर्गाबाहेर काढल्यासारखे दिसताय. पहिल्या दिवशी एक घडी आणि रडारड. दुसऱ्या दिवशी ठमीने उजव्या अंगठ्याचं नख घडीवरून फिरवलं, अर्ध्यावर दमली, पुन्हा फिरवलं. पान झालं तेव्हा त्याची एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर मोठी होती आणि चुण्या कुठे जाड, कुठे बारीक. ते तसंच असतं, ठमी म्हणाली, त्याला किड्याने खाल्लंय. आणि बरोबरच होतं तिचं. देवाने झाडाला पानं दिली ती एका मापाने कापून दिली नाहीत. कुठल्याही झाडाखाली जाऊन पाहावं.

आता भिंतीवर मात्र सगळी पानं एका मापाची होती. सख्खी बत्तीस भावंडं.

“बाबा, बाईंनी माझं पान बरं केलं,” ठमी म्हणाली.

त्याने विचारलं, म्हणजे काय. तिने समजावून सांगितलं. पान आजारी होतं, बाईंनी घरी नेऊन बरं केलं. सगळ्यांचीच आजारी होती, सगळ्यांची केली. आज कागदाचं साळिंदर करायचंय, पण ती करणार नाही. बाई नंतर बरं करणारच आहेत, तर त्यांनीच करावं ना आधीपासून. हे सांगताना तिचा हात खिशात होता.

‘बरं’ हा शब्द त्या घरात तीन महिने एकाच गोष्टीसाठी वापरला जात होता. हात बरा व्हायचाय, आणि तो तूच करायचास, दुसरं कुणी नाही, असं आई-बाप तिला रोज सांगत होते. ते सगळं सांगणं या एका पानाने पुसून टाकलं होतं.

त्याने टाचणी काढली आणि पान उजेडात धरलं. घडी वाचायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. रंगीत कागद दुमडला की रंग फाटतो आणि पांढरी रेघ राहते. मग तो कागद कितीही सपाट करा, रेघ जात नाही. इथे प्रत्येक ठिकाणी रेघा दोन होत्या. एक पुसट, थरथरती, मध्येच थांबून पुन्हा निघालेली. दुसरी पट्टी लावून ओढल्यासारखी. त्याने शेजारचं पान काढलं, त्याच्या शेजारचं काढलं. सगळीकडे तेच.

बाई टाचण्यांची डबी घेऊन आल्या आणि थबकल्या. अहो, हे काय करताय, अकरा वाजता संस्थेची माणसं येणार आहेत. त्याने पान पुढे धरलं आणि हे कुणाचं आहे ते विचारलं. बाईंनी खालचं नाव वाचून दाखवलं. तो म्हणाला, नाव माझ्या मुलीचं आहे, घडी तुमची आहे.

बाई काही वाईट नव्हत्या. दोन रात्री जागून बत्तीस पानं उलगडून पुन्हा घातली होती त्यांनी, डोळे सुजले होते. पण दमलेल्या माणसाला कुणी चूक दाखवली की तो चुकीपेक्षा दमणुकीची बाजू घेतो. त्या म्हणाल्या, मुलं लहान आहेत, वाकडंतिकडं होतंच, थोडं सारखं केलं तर काय बिघडलं. गेल्या वर्षी पाहुणे म्हणाले होते, हा कचरा भिंतीला का लावलाय. ते तुम्हाला ऐकून घ्यावं लागत नाही. मग त्यांचाही आवाज चढला.

“लोक तुमच्याकडे चुरगळलेले कपडे आणतात. तुम्ही तसेच परत देता का?”

पोरांना सोडायला आलेल्या दोन आया दारात एकमेकींकडे बघून हसल्या, आणि त्या हसण्याने त्याला उत्तर सापडलं.

“माझ्याकडे शर्ट शिकायला येत नाहीत, बाई.”

हसणं थांबलं. पण त्याचं समाधान झालं नाही. पान खालच्या बाकावर ठेवून तो ते उलगडू लागला. तळव्याने सपाट केलं, पुसट रेघ शोधली आणि पोरीचं पान पोरीला परत द्यायचं म्हणून त्याच रेघेवरून दुमडायला घेतलं. सराईत बोटं ती. क्षणात निम्मं झालं. ठमी शेजारी उभी राहून शांतपणे बघत होती. आज बाबा बरं करतायत, एवढंच.

तिचा तो शांत चेहरा पाहून त्याला स्वतःचाच असा संताप आला की त्याने हात चटका बसल्यासारखे मागे घेतले. बाईंना चार शब्द सुनावून तो नेमकं तेच करत होता.

त्याने कागद पुन्हा सपाट केला आणि तिच्यापुढे सरकवला. यातली तुझी रेघ कुठली, मला कळत नाही, असं म्हणून बाईंच्या सरळ रेघेवर बोट ठेवलं. ठमीने मान हलवली. त्याने मुद्दाम बाईंचीच दुसरी रेघ दाखवली. मग तिसरी. ठमीच्या नाकपुड्या फुगल्या. घरात हा राग बापाकडूनच आला होता, उशिरा येणारा आणि आला की न जाणारा.

“ती नाही, ही. किती वेळा सांगू?”

सांगताना तिने डाव्या हाताने कागद दाबला. दुमडायला दुसरा हात हवा होता. तो आपसूक खिशाबाहेर आला, कुणी काही न सांगता. अंगठा घडीवरून निघाला, दमला, थांबला. बाईंचा हात नकळत पुढे आला, टोक सारखं करायला.

“हात लावू नका,” ठमी म्हणाली.

बाईंनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता; शरमेने की रागाने, ते त्यांचं त्यांना माहीत. आता सगळे आपापली पानं मागतील, मी अकरा वाजता भिंतीवर काय दाखवू, असं त्या पुटपुटल्या. तेवढ्यात एका मुलाने विचारलंच, त्याचं पान कधी मिळणार. दुसऱ्याने विचारायचीही वाट पाहिली नाही, टाचणी उपसायला घेतली.

ठमीला अर्धा तास लागला. मध्ये एकदा ती रडली आणि एकदा बापाला म्हणाली, बघत बसू नका. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. पान आता पहिल्यापेक्षाही वाकडं झालं. तिच्या, बाईंच्या आणि बापाच्या मिळून इतक्या रेघा झाल्या होत्या की कागद मऊ पडला होता.

ते टाचायला बाईंनी डबीतून एक टाचणी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती ठमीला दिली. आभार मानण्याइतका राग अजून उतरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला तो इतक्यात उतरायला नकोही होता.