पुढच्या नळाची पैज

“हरलो, तर पुढच्या वेळी नळाला पाणी आलं की रूपाचा गाऊन घालून तुमचे चार ड्रम भरीन. भर गल्लीत!” बायकोच्या गाऊनची पैज लावत शेजारच्या बद्रीनाथने मिशीला पीळ दिला.

“आन मी हरलो तर?” गाडीत आडवा होऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलेल्या कडूबा नानाने विचारलं.

“तुमी काकूची साडी नेसायची, दुसरं काय!”

उस्मानपुऱ्यातली ती गल्ली खो खो हसली. ओट्यावर शाल गुंडाळून बसलेली नानाची बायको आवडाबाईसुद्धा हसली.

पैज एवढीच, की नानाने दिवस मावळायच्या आत आपल्या गाडीच्या हीटरचा पंखा घरीच चालू करून दाखवायचा. डायलिसिसहून येताना आवडाबाई गारठून जायची, घरापर्यंत दात वाजत राहायचे. हीटर तापायचा, पण हवा फेकणारा पंखाच मेलेला. गॅरेजवाला म्हणाला, नवीन पार्ट यायला दहा दिवस लागतील. डॉक्टरांनी नानाला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, त्यात दहा दिवस धरणं अवघड होतं.

नानाने उभी हयात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या. पण दोन वर्षांपासून हात कापायचे. त्या हातांवरच तर बद्रीनाथने पैज लावली होती.

तीन स्क्रू काढता काढता दुपार झाली. पंखा खाली आला. मोटार उघडून नाना म्हणाला, “कार्बन झिजलाय.” मग घरच्या मिक्सरचा कार्बन, मोटारीत वीज पोचवणारा तो चिमुकला ठोकळा, काढून तो फरशीवर घासत बसला. घासायचा, लावून बघायचा, पुन्हा घासायचा. शेवटी मापात आला. पण मागची स्प्रिंग दाबून धरायची वेळ आली, आणि बोटं ऐकेनात. स्प्रिंग तीनदा उडाली. आता गल्लीत कुणी हसत नव्हतं.

बद्रीनाथ उठला, शेजारी उकिडवा बसला आणि अंगठ्याने स्प्रिंग दाबून धरली.

“लेका, हरशील.”

“बसवा गपचूप.”

पंखा फिरला तेव्हा ओट्यावर अजून ऊन होतं.

मंगळवारी गाडी गल्लीत शिरली, तर आवडाबाई हवेच्या जाळीपुढं दोन्ही तळवे धरून बसलेली. “बद्री, चुलीपुढं बसल्यावानी वाटतंय रे,” म्हणाली.

शुक्रवारी ती गेली.

आठवड्यातून एकदाच येणारं नळाचं पाणी आलं ते रविवारी. नानाच्या दारात पाहुण्यांच्या चपला, आणि ड्रम कोरडे ठाक. बद्रीनाथ शर्ट-पँटीतच पाइप घेऊन आला, खालमानेने.

“गाऊन कुठंय?” नानाने ओट्यावरून विचारलं. पाहुणे वळून बघायला लागले.

“नाना, मयताचं घर हाय. लोकं काय म्हनतील?”

“शुक्रवारी सकाळी इचारत होती, नळ कवा हाय म्हनून. तिला बघायचं होतं.”

बद्रीनाथ घरी गेला आणि रूपाचा फुलाफुलांचा गाऊन घालून आला. कुणी हसलं नाही. चार ड्रम भरायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ नाना जागचा हलला नाही.

“गाऊन मागनं वर चढलाय,” एकदाच म्हणाला. “खाली वढून घे.”